पार्सल डिलिव्हरी: पगारावर करावी की कंत्राटावर?

सकाळी सहाला हबवर, म्हणजे पार्सलं जिथून रूटवर निघतात त्या गोदामावर, हजर. ट्रकमधला माल उतरेपर्यंत थांबायचं, मग आपल्या रूटची पार्सलं स्कॅन करायची आणि शेवटच्या स्टॉपचं सगळ्यात आत, पहिल्या स्टॉपचं दाराशी, अशी गाडी लावायची. पहिली बेल वाजवेपर्यंत साडेआठ होतात. पगारावर असाल तर हे अडीच तास कामाचे. पार्सलमागे पैसे घेत असाल तर ते कुणाच्याच हिशेबात नाहीत. मी दोन्ही करून पाहिलंय. पगार सोडून कंत्राटावर गेलो तेव्हा पार्सलमागचा दर ऐकूनच हरखलो होतो. आलेल्या पैशाला सगळ्या तासांनी भागून बघावं, हे डोक्यातच आलं नाही.

दोन्ही ऑफर समोर असतील तर आधी तेच करा. घर सोडल्यापासून परत येईपर्यंतचे तास धरा. कंत्राटाच्या पैशातून इंधन, गाडीचा हप्ता, सर्व्हिसिंग, टायर, फोनचा खर्च वजा करा. गाडीची किंमत दर महिन्याला घटते, तीही. खिशातून जाताना दिसत नाही म्हणून लोक नेमकी तीच विसरतात. विम्याचं दुखणं वेगळं आहे. खासगी वापराच्या पॉलिसीवर पैसे घेऊन माल वाहत असाल आणि ठोकर बसली, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. धंद्याच्या वापराची पॉलिसी महाग पडते आणि तो फरक तुमच्याच दरातून जातो.

त्यात न झालेली डिलिव्हरी. दाराला कुलूप, फोन उचलत नाहीत, तीन मजले चढून पार्सल परत. पगारी माणसाचा दिवस तरीही भरतो. बऱ्याच कंत्राटांत पैसे फक्त पोचलेल्या पार्सलचे असतात, म्हणजे ग्राहकाच्या कुलपाचा भुर्दंड तुम्हाला. नुसत्या फेरीचे काही मिळतं का, हे सही करण्याआधी विचारा. उत्तर लेखी घ्या.

पगाराची बाजू काही गुलाबी नाही. शिफ्ट ठरलेली, रूट ते देतील तो, गाडीत कॅमेरा असू शकतो आणि तुम्ही कितीही चपळ असलात तरी पगार तेवढाच. उलट लवकर मोकळा झालेल्याच्या गळ्यात उरलेले स्टॉप पडतात. पण आजारपणाची रजा, जादा तासांचे पैसे, कामावर झालेल्या अपघाताची भरपाई आणि निवृत्ती निधी, या गोष्टी बहुतेक देशांत नोकरीलाच जोडलेल्या आहेत. कंत्राटदाराने त्या स्वतःच्या कमाईतून उभ्या करायच्या. पाठ धरली की कळतं.

कंत्राटाच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा सांगतात तो स्वातंत्र्याचा. तो खरा असेल तर मोलाचा आहे. पण तपासा: नको असलेला रूट नाकारता येतो का? आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येतं का? दुसऱ्या कंपनीचा माल त्याच गाडीत चालतो का? दरावर बोलता येतं का? चारही उत्तरं नकारार्थी असतील, वर गणवेश त्यांचा आणि कुठल्या दारी किती वाजता पोचायचं तेही ॲप सांगत असेल, तर ती नोकरीच आहे. फक्त नोकरीचे फायदे वगळलेली.

कायद्याचंही साधारण हेच म्हणणं आहे, निदान काही ठिकाणी. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार फेडएक्स ग्राउंड या पार्सल कंपनीच्या ड्रायव्हरना कर्मचारी ठरवलं. करारात ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण गणवेश, ट्रकचा रंग, कामाची पद्धत, सगळं कंपनी ठरवत होती. एका न्यायाधीशांनी लिंकनच्या नावावर सांगितला जाणारा प्रश्न उद्धृत केला: शेपटीला पाय म्हटलं तर कुत्र्याला पाय किती? चारच. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डायनामेक्स या कुरिअर कंपनीच्या खटल्यात कसोटी आणखी कडक केली. काम कंपनीच्या मूळ धंद्याचंच असेल, तर करणाऱ्याला कंत्राटदार म्हणणं तिथे जवळपास अशक्य झालं. पार्सल कंपनीसाठी पार्सल पोचवणं म्हणजे मूळ धंदा नाही तर काय?

ब्रिटनमध्ये मात्र एकाच सर्वोच्च न्यायालयाकडून दोन दिशा दिसतात. २०२१ मध्ये उबरच्या ड्रायव्हरना ‘वर्कर’ हा मधला दर्जा मिळाला: किमान वेतन आणि पगारी सुट्टी आहे, पूर्ण नोकरी नाही. २०२३ मध्ये घरपोच जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरूच्या रायडरना युनियनमार्फत सामूहिक वाटाघाटीचा हक्क नाकारला गेला, कारण त्यांना आपल्या जागी दुसरा माणूस पाठवायची खरीखुरी मुभा होती. बदली माणूस पाठवण्याचं कलम दिसलं की लगेच खूश होऊ नका, असं म्हणतोय मी, ते याचसाठी. ते कलम दुधारी आहे. स्पेनने २०२१ मध्ये ॲपवर चालणाऱ्या डिलिव्हरीत नोकरीचं नातं गृहीतच धरलं. भारताची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, पण लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांच्या (नोकरीत नसलेल्या, सुटं किंवा ॲपवरून काम घेणाऱ्यांच्या) निधीसाठी ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यावेत, असं ती सांगते. त्याने सुरक्षा योजनांचं दार उघडतं, पण माणूस कर्मचारी होत नाही.

‘कोर्टात जिंकू’ या भरवशावर मात्र कंत्राट घेऊ नका. फेडएक्सचा तो निकाल २००० ते २००७ या काळात काम केलेल्यांबद्दल होता. आला २०१४ मध्ये. गाडीचा हप्ता इतका थांबत नाही.

तिसरा रस्ता ऑफरच्या कागदावर ठळक दिसत नाही: मोठ्या कंपनीच्या कंत्राटदाराकडे पगारावर राहणं. गणवेशावर नाव मोठ्या कंपनीचं, पगार छोट्या मालकाचा. चालतं, पण निवृत्ती निधीचा हप्ता खरोखर भरला जातोय का ते दर महिन्याला बघा. आणि तुम्हीच चार गाड्या घेऊन असे रूट घ्यायचे म्हणत असाल, तर मग तुम्ही मालक झालात. ड्रायव्हर न सांगता गैरहजर राहिला की स्टिअरिंगवर तुम्ही, आणि त्याच्या पगाराची कायदेशीर जबाबदारीही तुमची.

करार संपवण्याचं कलम मी वाचलंच नव्हतं. एका संध्याकाळी आयडी बंद झाला, कारण म्हणून स्क्रीनवर एक ओळ. फोन करायला माणूस नव्हता. अकरा दिवसांचे पैसे अडकले, ते सुटायला दोन महिने लागले. तेव्हा नोटीस किती दिवसांची, दंड कशाकशाचा कापतात, दर एकतर्फी बदलता येतो का, तक्रार नेमकी कुणाकडे, एवढं तरी डोळ्यांखालून घाला.

माझ्यापुरतं विचाराल तर: गाडीचं कर्ज फिटलेलं असेल, दोन-तीन कंपन्यांचं काम मिळण्यासारखं असेल आणि चार महिन्यांची पुंजी हाताशी असेल, तर कंत्राट घ्या. गाडी याच कामासाठी हप्त्यावर घ्यावी लागणार असेल, तर आकडा कमी दिसला तरी पगार. खात्री करायची असेल तर ऑफिसात नको, सकाळी साडेसातला हबच्या गेटवर जा आणि गाडी भरणाऱ्या कुणालाही विचारा: गाडी वाटेत बंद पडली, तर त्या दिवसाचे पैसे मिळतात का?