पंगसला खाद्य: दिवसातून एकदा, दोनदा, की एक दिवस आड?

शेततळ्यातल्या पंगस माशाच्या खर्चात निम्म्याहून मोठा वाटा खाद्याचा असतो. त्यामुळे पहिली बिलं हातात पडली की 'एक वेळ कमी केली तर?' हा विचार येतोच.

बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिलांच्या, बाबतीत तो विचार सोडून द्या. पोट लहान आणि वजनाच्या मानाने भूक मोठी, म्हणून तिला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं लागतं. एकदाच टाकलं तर दांडगे मासे सगळं ओढून नेतात आणि एकाच वेळी सोडलेल्या बीजात लहान-मोठ्यांचा फरक पडत जातो.

खरी निवड मासा शंभरेक ग्रॅमचा झाल्यावर करायची. एकवेळ खाद्याने मजुरी वाचते, पण पोट एका बैठकीत किती घेणार? उरलेलं तळाशी कुजतं, अमोनिया वाढतो. तेच खाद्य दोन वेळांत विभागलं तर जास्त पोटात जातं. समजा तळ्यात 250 ग्रॅमचे 2000 मासे आहेत, म्हणजे 500 किलो. माशांच्या वजनाच्या अडीच टक्क्यांनी रोजचे साडेबारा किलो खाद्य होतात. निम्मं सकाळी नऊ-दहाला, निम्मं चार-पाचला. उजाडता उजाडता मात्र नको, तेव्हा पाण्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. पंगस वर येऊन हवा घेतो, म्हणून तो तगतो. पण तेव्हाचं खाद्य अंगी लागेलच असं नाही. तरंगतं खाद्य पंधरा-वीस मिनिटांत संपलं नाही, तर दुसऱ्या दिवशी हात आखडता घ्या.

एक दिवस आड खाद्य देण्याची पद्धत अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या चॅनेल कॅटफिश या माशाच्या तळ्यांवर तपासली गेली आहे. खाद्य वाचतं, हे खरं. पण उपाशी राहिलेला मासा दुसऱ्या दिवशी दुप्पट खात नाही, त्यामुळे वाढ मागे पडते आणि विक्रीचं वजन यायला उशीर लागतो. तितके दिवस तळं अडकून पडतं, हा खर्च वहीत कोणी लिहीत नाही!

भाव पडलेत आणि तयार माल थांबवायचाय, तर मी हीच पद्धत वापरेन. विदर्भ-खानदेशच्या थंडीतही, पाणी वीस अंशांच्या आसपास उतरलं की पंगसची भूक मरते. तेव्हा रोज दोनदा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. एरवी माझं मत दोनदाच्या बाजूने. फक्त दर पंधरा दिवसांनी जाळं टाकून पाच-पन्नास मासे तोला, नाहीतर अडीच टक्के नक्की कशाचे काढणार?