आरओ, यूव्ही की उकळलेलं पाणी? ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी

नव्या फ्लॅटमध्ये ओट्याच्या वर प्युरिफायरसाठी नळ आणि प्लग पॉइंट तयारच असतो आणि तिथे आरओ (पाणी अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून दाबाने गाळणारं मशीन) लागणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. जरा थांबा. आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना एक प्रश्न विचारा: आपल्या टाकीत पाणी कुठून येतं?

वाशी-नेरुळकडे मुख्यतः मोरबे धरणाचं पाणी येतं. खालापूर तालुक्यातलं हे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे आणि पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं. ठाणे शहराचं बरंचसं पाणी भातसा नदीचं. सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं हे पाणी, त्यामुळे त्यात क्षार कमीच. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर लावला तर आकडा साधारण शंभरच्या आसपास घुटमळतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. आरओचं खास काम असतं हे क्षार काढण्याचं. इथे मुळात ते काढायची गरजच नाही.

घोडबंदर रोडची गोष्ट वेगळी. तिथल्या कित्येक संकुलांत महापालिकेचं पाणी पुरत नाही, टँकर येतात, त्यात बोअरचं पाणी मिसळलं जातं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, साबणाला फेस नाही, तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही टणक, अशी लक्षणं दिसली तर पाणी जड आहे. मग आरओचा विचार रास्त.

विक्रेता घरी येऊन एक प्रयोग करतो, तो नीट बघा. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. मिनिटाभरात नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी होतं, वर गाळ तरंगतो, आणि घरातली आजी म्हणते, ‘अगंबाई, हे पितो आपण!’ तो गाळ पाण्यातला नसतो, लोखंडी कांडी झिजून तयार होतो. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यात जवळजवळ वाहत नाही, एवढाच फरक. त्या दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तसंच घाण होईल. (विक्रेता तेव्हा बहुधा चहा नको म्हणतो.)

शंभर टीडीएसचं पाणी आरओतून काढलं की ते बेचव होतं. मग तंत्रज्ञ मशिनमधला स्क्रू फिरवून आरओतून न गेलेलं थोडं पाणी परत त्यात मिसळतो. म्हणजे पैसे क्षार काढायचे आणि पैसे क्षार परत घालायचे. वर प्रत्येक लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी सिंकमध्ये. दिवसाला दहा लिटर लागणाऱ्या घरातून महिन्याला नऊशे लिटर वाया. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस 500 पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालायला सरकारला सांगितलं होतं, ते याचसाठी.

महापालिकेच्या पाण्यात खरी भीती असते ती जंतूंची, आणि टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. पुरवठा बंद असताना पाइपातला दाब जातो आणि गळक्या जोडातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींना याचा धोका जास्त. यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा जंतूंना निष्प्रभ करतो, पाणी वाया घालवत नाही. त्याच्या दोन अडचणी: वीज गेली की बंद, आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात किरण आतपर्यंत पोचत नाहीत. म्हणून यूव्हीच्या आधी गाळाचा फिल्टर हवाच आणि दिवा ठरलेल्या वेळी बदलायला हवा.

उकळणं सगळ्यांत भरवशाचं. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं की काम झालं. मात्र रोजचं दहा लिटर पाणी उकळायचं तर हिशेबाने महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास गॅस जातो, म्हणजे जवळपास पाव सिलिंडर. एकट्यादुकट्याला, भाड्याच्या घरात राहणाऱ्याला हे परवडतं. पाच माणसांच्या घरात कंटाळा येतो आणि मग अर्धवट तापवलेलं पाणी माठात जातं.

बिनविजेचे यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे बारीक छिद्रांतून गाळणारे) फिल्टर मधला मार्ग. जिवाणू अडवतात, विषाणू सगळे अडतीलच असं नाही. आणि सील नसलेले थंडगार वीस लिटरचे जार? लग्नकार्यात ठीक, रोजच्यासाठी नको.

माझं मत विचाराल तर मोरबे किंवा भातसाचं पाणी असेल तिथे यूव्ही घ्या आणि आरओचे वाचलेले पैसे सोसायटीच्या सभेत टाकी सफाईसाठी मागा. खालच्या टाकीचं झाकण सैल असेल आणि दर सहा महिन्यांनी ती घासली जात नसेल तर सगळ्या इमारतीला तेच पाणी वर चढतं. टँकर किंवा बोअर असेल तर मशीन घेण्याआधी पाणी प्रयोगशाळेत तपासा. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर यूव्हीचा आणि उकळण्याचा उपयोग नाही, तिथे आरओच हवा.

घरात आरओ आधीच लागला असेल तर काढून फेकू नका. त्याची वाया जाणारी नळी बादलीत सोडा. धरणाच्या पाण्यावरचा आरओ असेल तर ते पाणी लादी पुसायला, फ्लशला, तुळशीलाही चालतं. बोअरवरचं मात्र झाडांना घालू नका, पानांची टोकं करपतात. आणि मेंब्रेन, म्हणजे आरओचा पडदा, बदलायला माणूस येईल तेव्हा एएमसीवर (वार्षिक देखभालीच्या करारावर) सही करण्याआधी नळाच्या पाण्याचा टीडीएस त्याच्याचकडून मोजून घ्या.