‘मानवी लैंगिकता’ शिकवणारा सांगलीतील परिचय वर्ग: अध्यापन चोख, टिपणे शिळी

सांगली शहरातील एका महाविद्यालयात शनिवार-रविवारी चालणारा ‘मानसशास्त्र परिचय’ हा मराठी माध्यमाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी अलीकडेच पूर्ण केला. संवेदन, स्मृती, अध्ययन, व्यक्तिमत्त्व ही नेहमीची प्रकरणे त्यात आहेत आणि ती बी. ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात तशीच येथेही शिकवली जातात, म्हणून त्यांविषयी वेगळे लिहीत नाही. हे परीक्षण ‘मानवी लैंगिकता’ या एकाच प्रकरणाचे आहे. मी तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि या प्रकरणासाठीच मी प्रवेश घेतला होता. महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम २००७ मध्ये विधिमंडळातील विरोधानंतर थांबवण्यात आला. त्या वादाची धास्ती आम्हा शिक्षकांच्या मनातून अजून गेलेली नाही, आणि मुले मात्र प्रश्न विचारायची थांबलेली नाहीत.

शिकवणाऱ्या प्राध्यापिकांनी सुरुवात शरीररचनेपासून केली नाही, ही या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू. त्यांनी पहिल्याच तासाला एक साधा प्रश्न विचारला: लैंगिक विषयाची पहिली माहिती तुम्हाला कोठून मिळाली? आधी हात वर करून उत्तर द्यायचे होते, आणि बहुतेकांचे हात ‘शाळेचे पुस्तक’ या पर्यायाला वर गेले. मग तोच प्रश्न निनावी चिठ्ठीवर विचारला, तेव्हा पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले आणि मित्र-मैत्रिणी, मोबाइल आणि थोरल्या चुलतभावंडांची कुजबुज पुढे आली. लोक चारचौघांत शोभेल असे उत्तर देतात, हा या विषयातील संशोधनाचा मूळ अडथळा वर्गातल्या वर्गात सगळ्यांना दिसला आणि त्यानंतर पुढचे सगळे विवेचन त्याच धाग्याने चालले.

आल्फ्रेड किन्से यांच्याकडे त्या याच वाटेने वळल्या. मूळचे कीटकशास्त्रज्ञ असलेल्या किन्से यांनी इंडियाना विद्यापीठात हजारो प्रत्यक्ष मुलाखती घेऊन १९४८ मध्ये पुरुषांविषयी आणि १९५३ मध्ये स्त्रियांविषयी अहवाल प्रसिद्ध केले. त्यांच्या मुलाखतीत ‘तुम्ही असे कधी केले आहे का’ असे न विचारता ‘पहिल्यांदा केव्हा केले’ असे विचारले जाई, म्हणजे नाकारायचेच असेल तर तो प्रयत्न उत्तर देणाऱ्याने करायचा. आणि उत्तरे सांकेतिक खुणांनी टिपली जात, जेणेकरून कागद कोणाच्या हाती लागला तरी कळू नये. प्रश्नाची मांडणी उत्तराला कशी वळण देते, हे मला इतके स्वच्छ आधी कोणी दाखवले नव्हते. त्याचबरोबर किन्से यांच्या नमुन्यात स्वेच्छेने आलेले लोक आणि तुरुंगातील कैदी यांचे प्रमाण जास्त होते, म्हणून त्यांच्या टक्केवाऱ्या साऱ्या समाजाला लावता येत नाहीत, हेही बाईंनी तितक्याच ठामपणे सांगितले. शून्य म्हणजे पूर्ण भिन्नलैंगिक ते सहा म्हणजे पूर्ण समलैंगिक ही त्यांची मोजपट्टी फळ्यावर काढून, माणसे दोनच कप्प्यांत बसत नाहीत हा त्या अहवालांचा टिकून राहिलेला भाग आणि गळून पडलेला भाग कोणता, याची त्यांनी केलेली फोड ऐकण्यासारखी होती.

मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. या अमेरिकन संशोधक जोडीने प्रयोगशाळेत ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुष यांच्या शारीरिक प्रतिसादांचे प्रत्यक्ष निरीक्षण केले आणि १९६६ मध्ये उद्दीपन, पठार, परमोच्च बिंदू आणि उपशमन अशा चार अवस्था मांडल्या. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो म्हणून या चार अवस्थांवर आलेखांसह फार वेळ गेला, पण त्या मांडणीत इच्छेला जागाच नव्हती आणि पुढे हेलन कॅप्लन यांनी इच्छा ही स्वतंत्र अवस्था म्हणून जोडली, हे एका ओळीत उरकले. संसार केलेल्या कोणत्याही बाईला विचारले तर ती सांगेल की खरा प्रश्न बहुधा तेथेच असतो. याच जोडीने १९७९ मध्ये समलैंगिकता ‘बदलण्याचे’ जे दावे केले, त्यांवर पुढे कडक टीका झाली, हे मात्र बाईंनी लपवले नाही.

चिठ्ठ्यांचा प्रयोग पुढेही चालू राहिला. खडूच्या रिकाम्या खोक्याला वरून चीर पाडून ते दाराजवळ ठेवले होते. त्यात कोणीही प्रश्न टाकावा आणि तासाच्या शेवटी बाईंनी तो जसाच्या तसा, शुद्धलेखनही न सुधारता वाचावा, अशी पद्धत होती. सर्वाधिक चिठ्ठ्या वीर्यनाशाने येणाऱ्या अशक्तपणाविषयी असत. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हा समज आणि एस. टी. स्टँडच्या आसपास भिंतींवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिराती यांचा संबंध त्यांनी उलगडून सांगितला. या भीतीतून येणारा थकवा, निद्रानाश आणि उदासी यांना डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. येथे शरीरातून शक्ती जात नसते, तर ती जाते आहे या धास्तीनेच माणूस खंगतो, हे ऐकताना मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली होती. निनावी प्रश्न आणि सरळ उत्तर ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात तेच केले, त्यापायी खटले अंगावर घेतले, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात डॉ. आंबेडकरांनी मांडली. पाश्चात्त्य नावांच्या गर्दीत कर्व्यांना निदान अर्धा तास तरी मिळायला हवा होता. तो मिळाला नाही.

आता छापील टिपणांविषयी. ती वेगळे पैसे देऊन घ्यावी लागतात आणि त्या पैशांच्या लायकीची नाहीत. झेरॉक्सची झेरॉक्स काढून आकृत्या इतक्या काळ्या झाल्या आहेत की नावांचे बाण कोठे पोहोचतात ते दिसत नाही. पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे समलैंगिकता हा विषय त्यात ‘लैंगिक विकृती’ या मथळ्याखाली छापलेला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकतेला आपल्या विकारांच्या यादीतून १९७३ मध्ये वगळले, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये, आणि प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हा कलम ३७७ विषयीचा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. बाईंनी हा सगळा क्रम सांगून आम्हाला तो परिच्छेद पेनाने खोडायला लावला, ही त्यांची सचोटी. परंतु ज्या कार्यालयाने तीच पाने पुन्हा पुन्हा छापून विकली, त्याला काय म्हणावे? तासाला गैरहजर असलेला विद्यार्थी ते पान खरे मानूनच परीक्षेला बसणार आहे.

शिक्षक म्हणून मला आणखी एक उणीव जाणवली. संमतीविषयी चांगली चर्चा झाली, पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, एवढे सांगून विषय संपला. शाळेत अशी गोष्ट कानावर आली तर मुलाशी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे मानसशास्त्राच्या वर्गात नाही तर कोठे शिकायचे? तसेच एचआयव्हीचा भाग परदेशी उदाहरणांवर आटोपला. वास्तविक याच सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून या प्रश्नावर काम करत आहे आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची संघटना त्याच कामातून उभी राहिली. लाज आणि भीती यांचा माणसाच्या आरोग्यविषयक वागण्यावर कसा परिणाम होतो, याचे उदाहरण गावातच असताना ते बाहेरून आणण्याची गरज नव्हती.

शुल्क शिक्षकांना परवडेल असे आहे. मुले-मुली, लग्न झालेले आणि न झालेले असे सारे एकाच वर्गात बसतात. सुरुवातीचा संकोच दुसऱ्या-तिसऱ्या तासापर्यंत टिकतो, पुढे कोणाला त्याचे काही वाटत नाही. शिक्षक, आशा सेविका आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी यांनी हा वर्ग जरूर करावा. केवळ स्पर्धा परीक्षेसाठी आयते मुद्दे हवे असणाऱ्यांना तो लांबण लावल्यासारखा वाटेल. नाव नोंदवताना टिपणांचे पैसे लगेच भरू नयेत. आधी या प्रकरणाची पाने उघडून पाहावीत, आणि तो जुना मथळा तसाच असेल तर वर्गातल्या वहीवरच भागवावे.