अभ्यासिका : इथे आडनाव कुणी विचारत नाही

शाळेत मला पाणी वरून ओंजळीत ओतायचे, अर्धं अंगावर सांडायचं, म्हणून इथे पहिल्या दिवशी माठाजवळ गेलो तर आपोआप ओंजळच पुढे आली, शेजारच्या मुलाने ग्लास धुऊन हातात दिला, बास, तेव्हाच ही अभ्यासिका माझी झाली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, साताऱ्याच्या शाळेत ज्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावं लागलं आणि जे १९१३ ला कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला गेले, मी बरोबर त्याखालची खुर्ची धरतो. लाईट मस्त, शांतता एकदम. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मात्र जुन्या एडिशनची आहेत, ती बदलायलाच हवीत. घरी अभ्यासाला जागा नाही त्यांनी नक्की जॉईन करा, रात्री ११ पर्यंत उघडी असते.