फुकटच्या सल्ल्याचं बिल

"नुसत्या बोलण्याचे एवढे पैसे?" असं मी त्या बाईंना तोंडावर विचारलं होतं. त्या गुंतवणुकीचा सल्ला द्यायच्या, तासाच्या हिशेबाने फी घ्यायच्या आणि स्वतः काहीही विकायच्या नाहीत. फीचा आकडा ऐकून मला रागच आला. ना पॉलिसी, ना पावती, हातात काय पडणार तर चार पानांची टिपणं. मी उठून आले. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने दुसरा माणूस सुचवला. "एक पैसा घेत नाही, आणि घरी येऊन सगळं करून देतो."

2017 ते 2024 तो आमच्या घरी येत होता.

वागायला अतिशय गोड. दर वेळी "ताई, तुम्ही फक्त सह्या करा, बाकीचं माझ्यावर सोडा." फॉर्म आणायचा तोच मुळी तयारी करून. जिथे सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली मारलेली, पानं दुमडून ठेवलेली, म्हणजे मधला मजकूर उलटायचीही गरज पडू नये. जोखीम किती झेपेल, मुदत किती हवी, ही घरं कोरी असायची. "ते मी भरतो, त्यात कशाला वेळ घालवता." मला ती तत्परता वाटायची. बँकेत रांगेत उभं राहावं लागत नाही याचंच मला कौतुक.

पहिल्या तीन वर्षांत त्याने माझे पैसे तीनदा एका फंडातून दुसऱ्यात हलवले. कारण तयारच असायचं. कधी "याच्यात आता दम राहिला नाही", तर कधी "नफा हातात घेऊ आणि नव्यात टाकू". काहीतरी चाललंय म्हणजे आपल्याकडे लक्ष आहे, असा माझा समज. पण प्रत्येक वेळी बाहेर पडताना 1 टक्का कापला जायचा. हे मी फार उशिरा कागदावर मांडलं. असं तीनदा केलं की बाजार जागचा हलला नाही तरी 100 चे साधारण 97 उरतात. नफा झाला तर त्यावरचा कर वेगळा. आणि नव्या फंडातल्या पैशांवर त्याला कमिशन मिळायचं. तो फी घेत नव्हता हे अगदी खरं. त्याला कंपनी पैसे देत होती, आणि कंपनी ते माझ्या पैशातून कापत होती.

मग मार्च 2020 आला. जगभरचे बाजार कोसळले. अमेरिकेचा एसअँडपी 500 हा निर्देशांक 19 फेब्रुवारी ते 23 मार्च या काळात सुमारे 34 टक्के खाली आला. माझी झोप उडाली होती. मला विचाराल तर सल्लागार लागतो तो अशाच वेळी. त्याचं खरं काम म्हणजे घाबरलेल्या माणसाचा हात धरून "थांबा, विकू नका" असं सांगणं. त्या एका वाक्यासाठी कोणी वर्षाची फी मागितली तर ती महाग नाही. माझ्या माणसाने उलटं सांगितलं. "ताई, अजून पडणार आहे. सगळं काढा. खात्रीचा परतावा आणि वर विमा, अशी एक योजना आहे, तिच्यात टाकू." मी तळाला विकलं. 20 वर्षांची पॉलिसी घेतली. पेन्सिलच्या फुल्या होत्याच. तो निर्देशांक ऑगस्टमध्ये आधीच्या उंचीवर परत गेला. मी नव्हते त्यात.

अशा बचत-विमा पॉलिसींत विकणाऱ्याला पहिल्याच वर्षी हप्त्यातला मोठा हिस्सा कमिशन म्हणून मिळतो, पुढच्या वर्षांत थोडं थोडं. त्यामुळे त्याच्या दृष्टीने माझं काम पहिल्या वर्षीच संपलेलं होतं. चार हप्ते भरल्यावर घरात मोठा खर्च निघाला आणि मी पॉलिसी सरेंडर करायला, म्हणजे मुदतीआधीच मोडायला गेले, तेव्हा भरलेल्या प्रत्येक 100 मागे 54 हातात येणार असं कळलं. त्याला फोन केला. "ताई, मध्येच मोडायची नसतेच ती, मी सांगितलं होतं." नव्हतं सांगितलं.

'फी नाही' या शब्दांनी भुललेली मी एकटी नाही, एवढंच काय ते समाधान. गुंतवणूकदारांना प्रचंड गंडा घालणारा अमेरिकेतला बर्नार्ड मॅडॉफसुद्धा व्यवस्थापनाची फी घेत नसे. आपण फक्त सौद्यांवरचं कमिशन घेतो, असं तो सांगायचा. एवढा परतावा देणारा माणूस फी का सोडतोय, असा संशय काही जाणकारांना आला होता. डिसेंबर 2008 मध्ये त्याला अटक झाली तेव्हा सौदेच झाले नव्हते हे उघड झालं. माझा माणूस त्या लायकीचा लुटारू नव्हे. त्याने कायद्याच्या चौकटीत राहूनच केलं सगळं, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. ब्रिटनने 2012 संपताना सल्लागारांना गुंतवणूक योजनांवर कंपन्यांकडून कमिशन घ्यायला बंदी केली. नेदरलँड्सनेही त्याच सुमारास तसा नियम आणला. भारतात जानेवारी 2013 पासून म्युच्युअल फंडांना वितरकाच्या कमिशनशिवायचा डायरेक्ट प्लॅन द्यावा लागतो. म्हणजे ही गोम सरकारांना केव्हाच कळली होती. मला 2024 उजाडावं लागलं.

शेवटी त्याच बाईंकडे परत गेले. त्यांनी मला ओळखलं, पण बोलल्या काही नाहीत. जुनी सगळी स्टेटमेंट्स मागवली, दीड तास बसल्या आणि प्रत्येक ओळीपुढे किती कापलं गेलं ते माझ्याच हाताने लिहायला लावलं. त्यांची फी त्या बेरजेच्या पासंगालाही पुरत नव्हती.

पण म्हणून फी घेणारा प्रत्येक जण भला असंही नाही, हे लगेच सांगते. मध्यंतरी एका मोठ्या सल्लागार कंपनीचा माणूस भेटला. "आम्ही कमिशन घेत नाही. तुमच्या एकूण रकमेच्या वर्षाला फक्त 1 टक्का." त्या 'फक्त'वर थांबा. पैसे वर्षाला 8 टक्क्यांनी 30 वर्षं वाढले तर 100 चे सुमारे 1006 होतात. 7 टक्क्यांनी 761. तो 1 टक्का शेवटच्या रकमेचा जवळपास चौथा हिस्सा खातो, आणि बाजार पडला त्या वर्षीही घेतो. ज्याची मिळकत अनेक ठिकाणी विखुरली आहे, वारसाहक्काचा गुंता आहे किंवा ज्याला घाबरून विकायची सवय आहे, त्याला कदाचित तो परवडेल. माझ्यासारखीला, जिचे दोन फंड आणि एक मुदत ठेव आहे, तिला वर्षातून एकदा तासाची फी पुरते. मी त्याला विचारलं की या पैशात वर्षभर नेमकं काय कराल. "पोर्टफोलिओवर लक्ष ठेवू," म्हणाला. लक्ष तर माझा माणूसही ठेवून होता.

आता कोणीही भेटला की माझा प्रश्न एकच, आणि उत्तर लेखी मागते: मी हे घेतलं तर तुम्हाला कुठून कुठून आणि किती मिळणार? दोघांनी उत्तर दिलं. एकाने विषय बदलला. एकाला माझा अविश्वास लागला म्हणे, तो परत आला नाही.

पॉलिसीच्या कंपनीकडे मी तक्रार केली होती. दीड महिन्याने उत्तर आलं: सर्व अटी ग्राहकाला समजावून सांगितल्या होत्या, सोबत सही केलेला अर्ज जोडला आहे. उघडून पाहिला. जोखमीच्या घरात 'अनुभवी गुंतवणूकदार' अशी खूण, माझ्या हातची नसलेली. खाली सही मात्र माझीच, आणि तिच्या शेजारी, स्कॅनमध्ये जरा पुसट झालेली, पेन्सिलची फुली.