मंदावलेला कॉम्प्युटर: रिस्टोर, रीसेट, फॉरमॅट की एसएसडी?

घरचा कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. सल्ला देणाऱ्याचं त्यात काही जात नाही. ज्याचा कॉम्प्युटर आहे त्याचे मात्र फोटो, हिशेबाच्या फाइली आणि वर्षानुवर्षं बसवलेली सेटिंग्ज पणाला लागतात. विंडोजच्या कॉम्प्युटरवर याखेरीज निदान तीन मार्ग असतात. कोणता निवडायचा हे दुखणं नेमकं कुठे आहे त्यावर ठरतं, आणि ते पाच मिनिटांत कळू शकतं.

कॉम्प्युटर सुरू करा, दहा मिनिटं जाऊ द्या आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्क सतत 100 टक्के दिसते, पण वाचण्या-लिहिण्याचा वेग जेमतेम सेकंदाला एक-दोन एमबी आहे, असं दिसलं तर थांबा आणि नीट बघा. डिस्क राबतेय, पण काम उरकत नाहीये. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची ही अगदी ठळक खूण आहे. लॅपटॉपमधली अशी डिस्क बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण 11 मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) येईपर्यंत थांबणं आणि डोकं एका जागेवरून दुसरीकडे सरकणं, हे धरलं तर अशी डिस्क सेकंदाला शंभरेक लहान नोंदीही वाचू शकत नाही. आणि विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली मागतं. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे त्याच नोंदी ती सेकंदाला हजारोंनी देते.

डिस्क शांत आहे आणि मेमरी मात्र 90 टक्क्यांच्या वर, तर रॅम कमी पडतेय. प्रोसेसर 100 टक्क्यांवर अडकला असेल तर प्रोसेसेस टॅबमध्ये कोणाचं नाव सगळ्यात वर आहे ते बघा. विंडोजचं अपडेट किंवा व्हायरस तपासणी चालू असेल, तर दोन-तीन तास वाट बघणं हाच उपाय.

आता मार्गांकडे येऊ.

सिस्टीम रिस्टोर सगळ्यात सौम्य. यात विंडोज मागच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत परत जातं. अमुक ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) टाकला, अमुक अपडेट आलं आणि तेव्हापासून बिघडलं, असं बोट दाखवता येत असेल तर आधी हेच करा. तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर मात्र जातात. अडचण एकच: रिस्टोर पॉइंट, म्हणजे त्या तारखेची नोंद, आधीच तयार झालेला असावा लागतो आणि बऱ्याच कॉम्प्युटरवर ही सोय बंदच असते. हळूहळू वर्षभरात आलेल्या संथपणावर याचा उपयोग नाही.

रीसेट आणि फॉरमॅट करून नवं विंडोज टाकणं, या दोन्हींना लोक एकच समजतात. पण फरक मोठा आहे. रीसेटमध्ये ‘माझ्या फाइल ठेवा’ हा पर्याय असतो. फोटो-कागदपत्रं राहतात, पण तुम्ही बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम उडतात. पेनड्राइव्ह लागत नाही, ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. मात्र लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने भरलेले नको ते प्रोग्रॅम परत येऊ शकतात. विंडोजच्याच फाइली खराब झाल्याचा संशय असेल तर रीसेट करताना क्लाउड डाउनलोड, म्हणजे विंडोज इंटरनेटवरून उतरवून घेण्याचा पर्याय, निवडा. साधारण 4 जीबी डेटा जातो, पण नवी कोरी प्रत मिळते.

फॉरमॅट करून नव्याने टाकण्यात खरी स्वच्छता आहे. हट्टी व्हायरस शिरला असेल तर मी दुसरा पर्याय सुचवणारच नाही. त्यासाठी 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि पेनड्राइव्हवर विंडोज भरून देणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरे. त्याच मशीनवर आधी विंडोज 10 किंवा 11 अॅक्टिव्हेट झालेलं असेल तर प्रॉडक्ट की लागत नाही, फक्त होम की प्रो ही आवृत्ती तीच निवडावी लागते. वायफायचा ड्रायव्हर मात्र आधीच वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर नवं विंडोज इंटरनेटशिवाय तुमच्याकडे बघत बसतं. आणि डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, कुलूपबंद असेल तर रीसेट असो वा फॉरमॅट, 48 आकडी रिकव्हरी की आधी लिहून घ्या.

चौथा मार्ग खर्चाचा, पण फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनसाठी माझं मत ठाम आहे: आधी एसएसडी, मग बाकीचं. अशा डिस्कवर फॉरमॅट केलं तर थोडे दिवस बरं वाटतं. नंतर अपडेट आणि प्रोग्रॅम पुन्हा साचतात आणि डिस्क आहे तिथेच राहते. एसएसडी जोडणीनुसार दोन प्रकारच्या: जुन्या जोडणीची साटा सेकंदाला 550 एमबीच्या आसपास जाते, नव्या जोडणीची एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. पण घरगुती वापरात हार्ड डिस्क सोडून साटावर येण्याचा फरक डोळ्यांत भरतो, साटावरून एनव्हीएमईवर जाण्याचा फारसा नाही. त्यामुळे जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी खुशाल घ्या. एम-टू स्लॉट (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची खाच) असेल तर तो साटा घेतो की एनव्हीएमई, हे मॉडेलच्या माहितीपत्रकात बघूनच खरेदी करा.

एसएसडी बसवताना जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करता येतो. पुन्हा काही टाकावं लागत नाही, पण जुना कचराही सोबत येतो. विंडोज ठणठणीत असेल तर क्लोन, कुरकुरत असेल तर नव्या एसएसडीवर नवंच विंडोज.

या सगळ्याच्या आधी एक तपासणी टाळूच नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत सांगतो. तिथे निळ्याऐवजी पिवळा रंग दिसला, पेंडिंग किंवा रीअॅलोकेटेड सेक्टरपुढे (डिस्कवरच्या खराब जागांच्या नोंदीपुढे) शून्य नसेल, तर डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते. तेव्हा रीसेट नको, डिफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र करणं) नको, चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणीही नको. या सगळ्यात डिस्क तासन्‌तास घासली जाते आणि उरलेला जीव त्यातच जाऊ शकतो. आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा आणि डेटा मोलाचा असेल तर तज्ज्ञाकडे न्या.

रॅमचा प्रश्न त्यामानाने सोपा. 4 जीबीवर आजचा ब्राउझर रडतकढत चालतो, 8 जीबीवर घरचं काम निभावतं. डीडीआर-3 आणि डीडीआर-4 या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते, एवढं आधी बघा.

खर्च करण्यापूर्वी मशीनचं वयही धरा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. तुमचं मशीन त्यात बसत नसेल तरी एसएसडीचे पैसे बुडत नाहीत. ती पुढच्या मशीनमध्ये किंवा बाहेरच्या केसमध्ये घालून वापरता येते, आणि त्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली तर ब्राउझिंग आणि लिखाण निवांत होतं.

काम झाल्यावर सिस्टीम रिस्टोर सुरू करून ठेवा आणि काढलेली जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका. राहून गेलेली फाइल बहुतेक वेळा तेवढ्या काळात आठवते.