लेकीच्या पहिल्या बंदुकीपायी मी कशी फसले

एकूण ९७५ डॉलर गेले. आधी ६२५, मग ३५०. पहिल्या सव्वासहाशेंचं एक वेळ ठीक आहे, कुणीही गंडलं असतं. पण पुढचे साडेतीनशे दिले तेव्हा आतून कळत होतं की यात काहीतरी काळंबेरं आहे, आणि तरी दिले. ते का दिले हे मी नवऱ्यालासुद्धा बरेच दिवस धड सांगितलं नव्हतं. आता लिहायला बसले, कारण मंडळाच्या गुढीपाडव्याला ओळखीतल्या एकीने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "ताई, तुमची मुलगी ते ट्रॅप शूटिंग करते ना? आम्हीही मुलासाठी ऑनलाइन बंदूक बघतोय. एक चांगली मिळालीय. लिंक पाठवते, बघाल का?"

आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो. इथल्या शाळांत हॉकी, बास्केटबॉल असतं तसा ट्रॅपचाही संघ असतो. मुलांची ही लीग २००१ मध्ये मिनेसोटातच सुरू झाली आणि मग इतर राज्यांत गेली. सहावी ते बारावीची मुलं भाग घेतात, पण बंदूक सुरक्षेचा कोर्स करून प्रमाणपत्र आणल्याशिवाय मैदानावर उभं करत नाहीत. समोरच्या बुटक्या खोलीतून एक केशरी तबकडी भिरभिरत बाहेर पडते (नावाला मातीची, प्रत्यक्षात डांबर आणि चुनखडीची), ती हवेत असतानाच फोडायची. एका फेरीत २५ तबकड्या. लेक तेव्हा आठवीत होती. उंची चार फूट अकरा इंच, अंगाने काडी. धावण्यात, उड्यांत कायम शेवटून दुसरी. या खेळात उंची लागत नाही असं कुणीतरी तिला सांगितलं आणि तिने तेच धरलं.

बंदूक म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्या पडल्या नाहीत, कारण माहेरी कणकवलीकडे आजोबांची एकनळी बारा बोअर होती. शेतात डुकरं पडायची म्हणून परवाना काढलेला. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि पावती आजोबांच्या पंचांगात जायची. एवढ्या भांडवलावर मला वाटलं, आपल्याला यातलं कळतं.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी बारावीतल्या एका मुलाची बारा गेजची (म्हणजे बारा बोअरचीच) बंदूक तिच्या हातात दिली. दस्ता इतका लांब की खांद्यात बसेचना, काखेकडे घसरायचा. नळीच्या वजनाने पुढे कलायला नको म्हणून ती कमरेतून मागे वाकून उभी. चार बारांनंतर गालावर लाल वळ उठला. पाचव्याला तिने घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटले. प्रशिक्षक म्हणाले, हिच्या मापाची बंदूक बघा.

मग मी दोन आठवडे रात्री जागून अभ्यास केला, आणि तो चोख केला, हे आजही म्हणेन. गेजचा आकडा उलटा चालतो: नळीच्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड होतो, तो हा आकडा. म्हणून बारा गेजची नळी मोठी, साधारण १८.५ मिलिमीटर, आणि वीसची लहान, १५.६ च्या आसपास. पोरांना वीस गेज घ्या असं सगळेच सांगतात, पण ते अर्धंच खरं. खांद्याला बसणारा धक्का काडतुसातल्या छऱ्यांच्या वजनावर, त्यांच्या वेगावर आणि खुद्द बंदुकीच्या वजनावर ठरतो. 'मुलांसाठी' म्हणून पाच पौंडांची हलकीफुलकी एकनळी विकतात ना, ती उचलायला सोपी आणि उडवली की गाढवासारखी लाथ घालते. तेच काडतूस साडेसहा पौंडांच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये (बार उडाल्यावर निघणाऱ्या गॅसच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) घातलं तर धक्का बराच मऊ होतो. त्याहून महत्त्वाचं माप म्हणजे घोड्यापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर. मोठ्यांच्या बंदुकीत ते चौदा इंचांच्या आसपास असतं. माझ्या लेकीला साडेबारा हवं होतं, आणि पुढे उंची वाढेल तशा मागे पट्ट्या लावून वाढवता येईल असं. हे सगळं मी वहीत लिहून काढलं होतं. दुकानाबद्दल त्या वहीत एक ओळ नव्हती.

वर्ष २०२१. आदल्या वर्षी महामारीत देशभर बंदुकांवर अशा उड्या पडल्या होत्या की बंदूक खरेदीशी निगडित पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेला होता. वीस गेजची काडतुसं तर कपाटांतून गायबच झाली होती. मला हवी तशी तुर्की बनावटीची मुलांच्या मापाची सेमी-ऑटो आसपासच्या चारही दुकानांत नव्हती. आणि एका रात्री एका साइटवर दिसली. शिल्लक: २. किंमत बाकीच्यांपेक्षा सव्वाशे डॉलर कमी. निम्म्याने कमी असती तर मी लगेच सावध झाले असते.

फोटो कंपनीच्या जाहिरातीतला नव्हता. हिरव्या कापडी चटईवर बंदूक आडवी ठेवलेली, आणि चटईच्या डाव्या कोपऱ्यात कॉफीच्या कपाचा गोल डाग. त्या डागाने मला जिंकलं. म्हटलं, कुणीतरी खऱ्या दुकानात, खऱ्या टेबलावर काढलेला फोटो आहे हा.

चॅटवरच्या माणसाने आधी विचारलं, मुलीची उंची किती? मग, कोणता डोळा प्रबळ? दोन्ही हातांचे पंजे जुळवून मधल्या फटीतून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा, ही परीक्षा त्याने मला समजावली. मी ती आधीच घेतली होती, हे सांगताना मला केवढा अभिमान! दस्त्याच्या दोन जादा पट्ट्या फुकट देतो म्हणाला. दोन आठवड्यांत या विषयावर माझ्याशी गंभीरपणे बोललेला तो पहिला माणूस. नवरा म्हणत होता, "अगं, तुझं तू बघ." मैत्रिणींना सांगायची सोय नव्हती. प्रशिक्षकांना विचारायचं तर आपलं अज्ञान उघडं पडेल अशी भीती. तो मात्र रात्री साडेअकरालाही उत्तर द्यायचा.

मी अगदीच आंधळी नव्हते. इथे बंदूक ऑनलाइन घेतली तरी घरी येत नाही. ती तुमच्या गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे येते, तिथे जाऊन ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, तपासणी व्हायची, मगच हातात. साइटवाल्यांनीही नेमकं हेच सांगितलं, वर स्वतःच्या परवान्याची प्रतही पाठवली. परवाना तपासायला एटीएफ या सरकारी खात्याचं 'ईझी चेक' नावाचं पान आहे. क्रमांकातले पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकायचे. टाकले. परवाना वैध, नाव तेच, पत्ता तोच. मी निश्चिंत झाले.

मेख तिथेच होती. परवाना शंभर टक्के खरा होता, फक्त त्यांचा नव्हता. दुसऱ्या राज्यातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या परवान्याची प्रत कुठूनतरी मिळवून त्याच्या नावाची साइट उभी केली होती. परवाना खरा निघाला की काम अर्धंच होतं. त्या पत्त्यावरच्या दुकानाचा फोन नंबर साइटवरून न घेता दुसरीकडून शोधायचा आणि फोन करायचा: ही साइट तुमचीच ना? दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही.

पैसे झेलवर, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पाठवायच्या सेवेवर, मागितले. कारण दिलं की पेपाल बंदुकांना चालत नाही. हे खरंच आहे, म्हणून पटलं. पण खरे दुकानदार क्रेडिट कार्ड घेतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. झेलवर पाठवलेले पैसे त्याच क्षणी पलीकडे पोचतात आणि बँक नंतर एकच वाक्य बोलते: तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?

तीन दिवसांनी 'वाहतूक कंपनी'ची ईमेल आली. शस्त्राच्या पार्सलसाठी ३५० डॉलरचा विमा भरा, पोचल्यावर परत मिळेल. इथे माझ्या पोटात गोळा आला. मी लिहिलं, नको मला, ऑर्डर रद्द करा. तासाभरात उत्तर: पार्सल आता तुमच्या नावावर नोंदलं गेलं आहे. तुम्ही नाकारलंत तर बंदूक बेवारस टाकल्याचा अहवाल एटीएफकडे जाईल.

तेव्हा आमच्याकडे ग्रीन कार्ड होतं आणि नागरिकत्वाचा अर्ज गेलेला होता. मुलाखतीची तारीख जूनमध्ये. अठरा वर्षांत साधं वेगमर्यादेचं तिकीट लागू दिलं नव्हतं, आणि आता माझ्या नावापुढे बेवारस बंदूक! मी टार्गेट या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. मागच्या सीटवर दूध, ब्रेड, लेकीचे नवे मोजे. अकरा मिनिटांत साडेतीनशे पाठवले. भामट्याला माझ्या अर्जाचं काही माहीत नव्हतं. माझ्या नावावरून त्याने तेवढा अंदाज बांधला असणार.

त्या धमकीत तथ्य शून्य होतं. तुम्ही दुकानात उभं राहून फॉर्म भरत नाही आणि दुकानदार हातात देत नाही, तोवर ती बंदूक तुमची नसतेच. आणखी एक खूण माझ्या नाकासमोर होती: खरा विक्रेता पाठवण्याआधी तुमच्या गावातल्या दुकानदाराकडून त्याच्या परवान्याची प्रत मागवतो. मी आमच्या गावातल्या दुकानदाराला नुसतं विचारलं असतं, "तुमच्याशी कुणी संपर्क केला का?" तर सव्वासहाशेंवरच थांबले असते.

तिसऱ्या मागणीला, ४८० डॉलरच्या, मी अखेर गावातल्या त्या दुकानात गेले. काउंटरमागच्या गृहस्थांनी नाकावर चष्मा सरकवत माझ्या सगळ्या ईमेल वाचल्या. हसले नाहीत. परवान्यावरच्या दुकानाचा नंबर त्यांच्या जुन्या यादीत होता, तो लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडचा थकलेला आवाज म्हणाला, या महिन्यातली ही चौथी. माझी साइटच नाही हो, कधी नव्हतीच. मी मासे धरायचे गळ विकतो आणि थोड्या बंदुका.

पैसे परत आले नाहीत. बँकेने हात वर केले. एफबीआयच्या आयसी-थ्री या ऑनलाइन तक्रार केंद्रात तक्रार केली, स्थानिक पोलिसांतही नोंदवली. त्या तक्रारीची प्रत मी जूनमध्ये मुलाखतीला फाइलमध्ये घालून नेली. अधिकारी बाईंनी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. ती प्रत अजून त्या फाइलमध्ये आहे.

जाता जाता, आपल्यातल्या बऱ्याच घरांना लागू पडेल म्हणून सांगते. एच-वन (नोकरीचा) किंवा एच-फोर (त्याच्या कुटुंबाचा) व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा. शिकारीचा वैध परवाना असे काही ठरावीक अपवाद सोडले तर अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक विकत घेणं सोडाच, बाळगणंसुद्धा केंद्रीय कायद्यात गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते. फॉर्मवर 'खरा खरेदीदार तुम्हीच का' असा प्रश्न असतो, तो वाचून मी गडबडले, कारण बंदूक लेकीसाठी होती. आईबापांनी स्वतःच्या पैशाने मुलाला भेट म्हणून घेतली तर खरेदीदार तेच असतात. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर घेणं हा गुन्हा.

बंदूक शेवटी त्याच दुकानातून घेतली. वीस गेजची जुनी रेमिंग्टन ११००, आखूड दस्त्याची, आधीच्या मालकाच्या मुलाला लहान पडायला लागली म्हणून आलेली. लेकीने ती खांद्याला लावली. त्या गृहस्थांनी तिचा अंगठा आणि नाक यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघितली आणि मान हलवली. मग काउंटरवर दोन काडतुसं उभी केली, बाराचं लाल, वीसचं पिवळं. बारा गेजची एक रिकामी बंदूक उघडली, नळी तिरकी धरली आणि पिवळं आत सोडलं. ते खळकन घरंगळत पुढे गेलं आणि नळीतच अडकून दिसेनासं झालं. "आता यामागे लाल भरून बार काढला तर नळी फुटते," ते म्हणाले. "म्हणून वीसची काडतुसं पिवळी करतात. घरात एकच गेज ठेवा." मग लांब काठीने मागे ढकलून ते काडतूस बाहेर काढलं आणि लेकीच्या तळहातावर ठेवलं. आजोबांच्या बारा बोअरच्या जिवावर मला यातलं कळतं असं मी समजत होते.

पाडव्याच्या रात्री मंडळातल्या त्या ओळखीच्या बाईची लिंक आली. दुकानाचं नाव वेगळं, राज्य वेगळं, फोन नंबर वेगळा, किंमत बाजारापेक्षा शंभर-सव्वाशेनं कमी. शिल्लक: २. मी फोटो बोटांनी मोठा केला. हिरवी चटई, आणि डाव्या कोपऱ्यात तोच गोल डाग. रात्रीचे पावणेबारा झाले होते, तरी मी मेसेज न करता तिला फोन लावला.